पर्यायांवाचून दिशा कुठली?

मराठी वाचकाला सिल्वासा आठवतं ते २ ऑगस्ट १९५४ च्या निमित्ताने. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, राजा वाकणकर, विश्वनाथ नरवणे आणि त्यांच्या साथीदारांनी पोर्तुगिजांच्या ताब्यातून हे गाव सोडवलं, ती हकिकत आपल्याकडे पुष्कळदा सांगून झाली आहे. त्यापुढचं सिल्वासा मात्र आपल्या लिखाणात क्वचितच येतं. सिल्वासा ज्या प्रदेशात आहे, त्या दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या १९६१ साली ५७,९६३ होती. २०११ च्या जनगणनेत ती ३,४३,७०९ भरली, म्हणजे पन्नास वर्षांत जवळजवळ सहापट. करसवलतींच्या ओढीने कारखाने आले आणि कारखान्यांमागून माणसं आली. याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे अवघ्या ७७४ स्त्रिया निघाल्या. बायकापोरं गावाकडे ठेवून कामाला आलेले पुरुष इथे किती असतील, ते या एका आकड्यावरून ताडता येतं. आणि एवढी माणसं बाहेरून येऊनही निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासींची होती: वारली, धोडिया, कोकणा आणि इतर.

अशा मुलखात ‘आयुष्यात पुढे काय करायचं?’ हा प्रश्न घरोघरी पडणारच. आजोबाला तो पडला नव्हता, कारण त्याला विचारलंच कोणी नव्हतं. बापाला कंपनीच्या गेटवर परस्पर उत्तर मिळालं. नातवाची गोष्ट वेगळी. शेत पोटापुरतंही पिकत नाही, कंपनीतलं काम ठेकेदाराच्या मर्जीवर, आणि हातातल्या मोबाइलवर मात्र अख्खं जग दिसतंय. प्रश्न आला की त्याच्यामागून उत्तरांचा धंदाही येतो. लाइफ कोच, करिअर कोच, माइंडसेट कोच अशी नावं आता छोट्या शहरांनाही सवयीची झाली आहेत. रविवारी एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये फुकट शिबिर, त्यात पुढच्या कोर्सची जाहिरात, कोर्सनंतर ‘अ‍ॅडव्हान्स बॅच’. शिबिर सुरतेत असो, ठाण्यात असो की सिल्वाशात, सांगणं एकच असतं: उत्तर तुमच्या आतच आहे, आम्ही फक्त ते बाहेर काढायला मदत करतो.

हे अर्धसत्य आहे. आत काही असतं, हे खरंच. पण आत असलेल्याला बाहेर रस्ता लागतो, आणि तो रस्ता आहे की नाही याची चौकशी न करता नुसतं आत बघायला लावणं ही फसवणूक आहे. फसवणारा मनापासून बोलत असला तरी.

कोचिंग नावाची ही पद्धत आली कुठून, ते पाहिलं तर मुद्दा स्पष्ट होतो. टिमथी गॅलवे हा अमेरिकेतला टेनिसचा शिक्षक. १९७४ साली त्याचं टेनिसच्या ‘आतल्या खेळा’वरचं पुस्तक आलं. त्याचं निरीक्षण साधं होतं. खेळाडूचं बरंच नुकसान समोरचा प्रतिस्पर्धी करत नाही, त्याच्याच डोक्यातला टोमणे मारणारा आवाज करतो. तेव्हा शिक्षकाने सूचनांचा भडिमार थांबवावा आणि त्या आवाजाचा अडथळा कमी करावा. ही कल्पना जॉन व्हिटमोर या इंग्लंडमधल्या माजी मोटरशर्यतपटूने कंपन्यांच्या कचेऱ्यांत नेली. १९९२ च्या त्याच्या पुस्तकाने ‘ग्रो’ ही चौकट जगभर पोचवली. तिच्या चार पायऱ्या आहेत: ध्येय काय, वास्तव काय, पर्याय कोणते आणि शेवटी निर्धार. त्याच वर्षी थॉमस लेनर्ड या आर्थिक सल्लागाराने अमेरिकेत कोच घडवण्याची शाळा काढली आणि १९९५ मध्ये कोच मंडळींची आंतरराष्ट्रीय संघटनाही उभी केली. टेनिस कोर्ट, मोटरशर्यत, कंपनीची कचेरी आणि पैशांचा सल्ला: या चारही ठिकाणच्या माणसासमोर आधीपासूनच दोनचार वाटा खुल्या असतात. त्याची अडचण निवडीची असते. अशा माणसाला शांतपणे चार प्रश्न विचारले की त्याचा गुंता सुटतो, आणि तो खरोखर सुटतो.

म्हणून पद्धतीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. उलट आपल्या घरांमध्ये तिची मोठी गरज आहे. आपल्याकडे सल्ला देणारे पैशाला पासरी आणि ऐकून घेणारा औषधाला सापडत नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी मामा, काका, शेजारचे, बापाचे साहेब, सगळे बोलतात, आणि ज्याचा निकाल लागला तो पेढे वाटत असतो. ‘तुला स्वतःला काय वाटतं?’ हे वाक्य कानावर न पडताच कित्येक मुलं पंचविशीला पोचतात. हा प्रश्न विचारून उत्तरासाठी पाच मिनिटं गप्प बसणारा माणूस भेटणं ही मोठी गोष्ट आहे. गुरूपाशी शरण जावं लागतं. कोचपाशी ते करावं लागत नाही, निर्णय आपला आपल्याकडे राहतो. लोकशाहीत वाढलेल्या माणसाला हे नातं मानवणारं आहे.

बिघडतं ते बाजारात. बाजार या चार पायऱ्यांतल्या मधल्या दोन गाळतो. ध्येयावरून थेट निर्धारावर उडी. ‘मोठं स्वप्न बघा’ आणि ‘झोकून द्या’, एवढंच उरतं. वास्तव आणि पर्याय या दोन पायऱ्यांना माहिती लागते, वेळ लागतो, त्या गावात पाय रोवून राहावं लागतं. टाळ्या मात्र त्यांना मिळत नाहीत. गंमत अशी, की सिल्वाशासारख्या ठिकाणी सगळं घोडं अडतं ते नेमकं याच दोन पायऱ्यांवर.

दादरा-नगर हवेलीतल्या खानवेलच्या पुढच्या एखाद्या पाड्यावरची दहावीतली मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिला विचारलं, ‘तुला काय व्हायचंय गं?’ तर ती म्हणेल, ‘नर्स.’ का, तर पाड्यावर लस द्यायला येणाऱ्या नर्सताई तिने पाहिल्या आहेत. पगार घेणारी माणसं तिने मोजकीच पाहिली: शिक्षक, नर्स, पोलीस, जंगलखात्याचा शिपाई, कंपनीतला सुपरवायझर. मूल न पाहिलेल्या कामाचं स्वप्न बघत नाही. तेव्हा ‘नर्स’ हे तिचं अंतरंगातून आलेलं उत्तर आहे की पाच कामांच्या यादीतून केलेली निवड, हे तिचं तिला कळणार नाही. आणि पाहुण्या कोचला तर नाहीच नाही. तो ‘शाब्बास, आता मागे वळून बघू नकोस’ म्हणेल आणि निघून जाईल.

तिला खरी मदत करायची तर पुढचं बोलणं फार रुक्ष आहे. अकरावीला आर्ट्‌स घेतलं तर बीएस्सी नर्सिंगचं दार बंद होतं, त्याला बारावी सायन्स लागतं. जीएनएमचं दार मात्र आर्ट्‌सवाल्यांनाही उघडं असतं. बारावीपर्यंत थांबणं घरच्यांना परवडणार नसेल तर दहावीवरही पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करता येतो. कराडला सरकारी पॉलिटेक्निक आहे, आणि हे कराड साताऱ्यातलं नव्हे, सिल्वाशाजवळचं. सिल्वाशातच २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे आणि मोठं रुग्णालय म्हटलं की तिथे डॉक्टर-नर्सशिवायही कामं असतात: प्रयोगशाळा, एक्स-रे, भूलविभाग, नोंदी. त्या प्रत्येक कामाचं शिक्षण वेगळं आहे. मग जातीचा दाखला, डोमिसाइल, वसतिगृह, शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख. यातला एक कागद चुकला की वर्ष जातं, आणि मुलीचं एक वर्ष गेलं की तिच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं. तिच्या आयुष्याची दिशा या कागदांवर ठरते. आत्मविश्वास लागतोच, पण तो रस्ता माहीत झाल्यावर आपसूक वाढतो. रस्ता दाखवल्याशिवाय वाढवलेला आत्मविश्वास पहिल्या खिडकीवरच्या ‘उद्या या’ने फुटतो.

आता सिल्वाशाजवळच्या मसाट किंवा राखोलीच्या बाजूला संध्याकाळी एखाद्या यार्न कंपनीच्या गेटवर पाळी बदलताना उभे राहा. आत दिवसभर काम एकच: तुटलेला धागा जोडायचा, भरलेली बॉबिन काढून रिकामी चढवायची, पुन्हा धागा बघायचा. बारा तासांची पाळी इथे नवलाची नाही. बाहेर पडणाऱ्यांत कोणी खानदेशातला आहे, कोणी बिहारचा, कोणी ओडिशाचा. सहा-सातजणांत एक खोली, त्यातही दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच गादीवर आडवा होतो. अशा तरुणाला मोबाइलवर कोणी सांगतो, ‘कम्फर्ट झोनमधून बाहेर पडा.’ तो काय बाहेर पडणार? त्याने गाव सोडलं, भाषा सोडली, घरचं जेवण सोडलं. त्याच्यापाशी धाडसाची कमतरता नाही. त्याला हे कोणी सांगितलेलं नाही की १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळतं, की आयटीआयचं प्रमाणपत्र हाती असलेला माणूस आणि नुसता अनुभव असलेला माणूस यांच्या वाटा पाच वर्षांत किती दुरावतात. आणि हे ऐकूनही बारा तासांच्या पाळीनंतर शिकायचं कधी, हा प्रश्न उरतोच. तो प्रश्न त्याच्या मानसिकतेचा नाही, पाळीचा आहे. पाळीचा प्रश्न मानसिकतेच्या खात्यावर टाकणारा कोच नकळत मालकाचं काम करत असतो.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. परिस्थितीचं रडगाणं किती गायचं? त्याच परिस्थितीतून वर आलेली माणसं आहेतच ना? आहेत, आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं पाहिजे. सिल्वाशापासून फार लांब नाही, डहाणू तालुक्यात, जिव्या सोमा म्हसे राहत. वारली भिंतीवरचा लग्नचौक लिहिणं हे तोवर बायकांचं काम. म्हसे पुरुष असून रोज चित्रं काढू लागले, केवळ आपल्याला काढावीशी वाटतात म्हणून. आतली ओढ म्हणावी ती हीच. पण सत्तरच्या दशकात सरकारी हस्तकला खात्याच्या वतीने भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी कागद आणि रंग पुरवले, हे हात वेगळे आहेत हे ओळखलं, चित्रं मुंबईपर्यंत नेली. १९७६ मध्ये म्हशांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. त्यांच्या गोष्टीतून कुलकर्णी वजा करा. प्रतिभा तेवढीच राहते, पण ती डहाणूच्या एका कुडाच्या भिंतीवर राहते आणि पुढच्या पावसाळ्यात पुसली जाते. प्रेरणेच्या भाषणांत अशा गोष्टी सांगताना कुलकर्णींना वगळण्याची पद्धत आहे. माझा आक्षेप त्या वगळण्याला आहे.

कुलकर्णींनी म्हशांचं मन घडवलं नाही, साधनं आणि ओळखी दिल्या, आणि लक्ष दिलं. हे लक्ष देणं कसं असतं याचा आणखी मोठा धडा याच पट्ट्यात गिरवला गेला. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती. त्यांना शिक्षणाची गोडी नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. या बायकांनी मुलं असतात कुठे ते पाहिलं. ती गुरांमागे कुरणात असायची. मग शाळाच कुरणात नेली. ‘कुरणशाळा’ हे नाव शिक्षणाच्या इतिहासात राहिलं ते त्यामुळे. मार्गदर्शनाच्या धंद्यात असलेल्या प्रत्येकाने विचारावं असा प्रश्न या कुरणात उभा आहे: मी माणसाला माझ्या हॉलमध्ये बोलावतो, की तो जिथे आहे तिथे जातो?

त्याही आधी, तलासरीच्या पट्ट्यात, याच वारली समाजातला गडी लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबत असे, आणि बहुतेकदा त्याची बायकोही. ‘लग्नगडी’ म्हणत त्याला. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि किसान सभेने वारल्यांना संघटित केलं आणि वेठ मोडली. १९४४ च्या लग्नगड्याला ‘तुझ्या आयुष्याचं ध्येय काय?’ असं विचारणं ही क्रूर थट्टा ठरली असती. दोन वर्षांनी तोच प्रश्न निदान विचारता येण्याजोगा झाला. व्यक्तीची दिशा पुष्कळदा समूहाच्या लढ्यातून मोकळी होते, हे सत्य एकास एक बैठकीच्या धंद्याला सोयीचं नाही. म्हणून ते तिथे ऐकू येत नाही.

मग कोचिंगला पर्याय काय? महाराष्ट्रात त्याचे नमुने आहेत, आणि ते कोचिंगच्या विरोधातले नाहीत, त्याला पुरं करणारे आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये मानसिक आरोग्याची संस्था काढली आणि पुढच्याच वर्षापासून ‘वेध’ हा उपक्रम सुरू झाला. तिथे मंचावर वेगवेगळ्या वाटांनी गेलेली माणसं येतात आणि त्यांच्याशी सविस्तर गप्पा होतात: काम कसं आहे, त्यात कंटाळा कुठे येतो, पैसा किती, चुकलं काय. ऐकणाऱ्या मुलाच्या डोक्यातली पाच कामांची यादी पन्नासाची होते. ही तिसरी पायरी झाली, पर्यायांची. गडचिरोलीतून डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं ‘निर्माण’ दुसऱ्या बाजूने जातं. तिथे तरुणाला स्वतःत खोल बघायला सांगतात तेवढंच भोवतालच्या समाजाकडेही बघायला लावतात: इथे कोणता प्रश्न आहे, ज्याला माझी गरज आहे? अर्थपूर्ण आयुष्य मिळवायला ‘मला काय आवडतं’ एवढं पुरत नाही, ही त्यामागची जाण आहे. आवड पाहिलेल्या गोष्टींपुरती असते. गरज पाहायला निघालं की माणूस न पाहिलेल्या गोष्टींपर्यंत जातो.

सरकारी प्रयत्नांचा अनुभवही बोलका आहे. महाराष्ट्रात २०१६ पासून दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली जाऊ लागली. लाखो मुलांपर्यंत फुकट पोचलेली अशी कल्पना स्वागतार्हच होती. पण चाचणी मुलाचा कल सांगते. त्या कलाचं शिक्षण किती किलोमीटरवर आहे आणि तिथे जाणारी एसटी किती वाजता सुटते, ते सांगणारा माणूसच लागतो. कागदाने माणसाचं काम होत नाही.

असा माणूस मिळेपर्यंत ज्यांना पैसे देऊन कोच गाठायचा आहे त्यांनी चार गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. स्वतःला लाइफ कोच म्हणवायला आपल्याकडे कायद्याने कोणतीही पात्रता लागत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला नोंदणी लागते, कोचला नाही. तेव्हा पहिलं, त्याने शिकलंय काय आणि कुठे. दुसरं, तुमच्या क्षेत्रातल्या आणि तुमच्या गावातल्या वाटांची त्याला माहिती किती, की तो सगळ्यांना एकच भाषण देतो. तिसरं, किती बैठकांनंतर तुम्हाला त्याची गरज उरणार नाही. या प्रश्नाचं सरळ उत्तर न देता वरच्या बॅचची फी सांगणाऱ्याला नमस्कार करून उठावं. चौथं आणि सर्वांत महत्त्वाचं, झोप उडाली, जेवण सुटलं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर तो काय करतो. ‘पॉझिटिव्ह विचार कर’ म्हणत असेल तर तो धोकादायक माणूस आहे. तिथे डॉक्टर लागतो. सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा २०२२ पासून त्यासाठीच आहे, आणि ती मोफत आहे.

पण हा सगळा विचार ऐपत असलेल्यांचा झाला. कोचिंग आज ज्यांना परवडतं त्यांच्यासमोर वाटा पुष्कळ असतात. ज्यांच्यासमोर वाटच नसते त्यांना ते परवडत नाही. हा तिढा बाजार सोडवणार नाही, कारण तो बाजाराला तिढा वाटतच नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेत, प्रत्येक आश्रमशाळेत आणि प्रत्येक आयटीआयमध्ये पगारी, प्रशिक्षित आणि त्याच भागात राहणारा एक मार्गदर्शक असणं ही सार्वजनिक जबाबदारी आहे, जशी नर्स आहे, जसा शिक्षक आहे. त्याला ऐकायला यावं आणि अर्जाच्या तारखाही पाठ असाव्यात. दोन्हींपैकी एकच येत असेल तर तो अपुरा.

सरकार ते करेल तेव्हा करेल. सिल्वाशात आणि वापीत आज मराठी इंजिनिअर, सुपरवायझर, बँकवाले, परिचारिका, शिक्षक राहतात. २ ऑगस्टला आपल्याकडच्या माणसांनी हे गाव सोडवलं, याचा त्यांना अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. त्यांना एकच विनंती. महिन्यातला एक शनिवार खानवेलकडच्या एखाद्या शाळेसाठी काढा. भाषण करू नका, यशाची सूत्रं सांगू नका. आपण रोज काय काम करतो, ते कुठे शिकलो, त्याला किती पैसे लागले आणि कोणी हात दिला, एवढं सांगा. मग मुलांना बोलू द्या. एखाद्या मुलीने अर्ज दाखवला तर तो तिच्या शेजारी बसून भरा, आणि पुढच्या महिन्यात त्याचं काय झालं ते विचारायला पुन्हा जा.